संकेतस्थळ निर्मितीसाठी सॉफ्टवेअरची निवड

संकेतस्थळ निर्मितीचे सॉफ्टवेअर म्हणजे संकेतस्थळाची पाने तयार करणे, ती साठवणे, त्यांची मांडणी करणे आणि वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचवणे, ही कामे पूर्णतः किंवा अंशतः करणारी संगणकीय आज्ञावली होय. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला, मीडियाविकी, ब्लॉगर, विक्स, स्क्वेअरस्पेस, जेकिल आणि ह्यूगो ही या वर्गातील प्रसिद्ध नावे आहेत. व्यक्ती, शाळा, ग्रंथालय, संस्था किंवा लहान व्यवसाय यांना स्वतःचे संकेतस्थळ उभारताना यांपैकी एकाची निवड करावी लागते. ही निवड बहुधा आरंभीची सोय आणि बाह्य रूप पाहून केली जाते. परंतु लिहिलेला मजकूर कोठे व कोणत्या स्वरूपात साठतो, आणि सेवा बंद पडल्यास तो अन्यत्र नेता येतो की नाही, या गोष्टीही याच निवडीने ठरतात.

संकेतस्थळाचे घटक

संकेतस्थळ तीन स्वतंत्र घटकांनी बनते. पहिला घटक डोमेन नाव, म्हणजे वाचक ब्राउझरमध्ये लिहितो तो पत्ता. हे नाव विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी नोंदवावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. दुसरा घटक होस्टिंग, म्हणजे सतत चालू असणाऱ्या सर्व्हरवरील जागा. तिसरा घटक सॉफ्टवेअर.

काही सेवा हे तिन्ही घटक एकत्र पुरवतात. नवशिक्याला ते सोयीचे असते. मात्र तिन्ही घटक एकाच सेवेकडे असतील आणि डोमेन नावाची नोंदणी मालकाऐवजी मध्यस्थाच्या किंवा संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नावे झालेली असेल, तर पुढे सेवा बदलताना पत्ताच हातातून जाण्याचा संभव असतो. म्हणून सॉफ्टवेअर कोणतेही निवडले, तरी डोमेन नाव मालकाच्या किंवा संस्थेच्या नावे स्वतंत्रपणे नोंदवणे इष्ट मानले जाते.

इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. त्यात पाने वाचण्याबरोबरच ती लिहिण्याचीही सोय होती. वाचणारा प्रत्येकजण लिहिणाराही असावा, ही कल्पना त्यामागे होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांना विनामूल्य वापरण्यासाठी खुले केले. त्यानंतर लोकप्रिय झालेले ब्राउझर मुख्यतः वाचण्यासाठी होते. लिहिण्यासाठी एचटीएमएल ही खुणांची भाषा शिकणे किंवा वेगळे सॉफ्टवेअर वापरणे आवश्यक झाले.

१९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेने सामान्य माणसाला विनामूल्य पाने मांडण्यासाठी जागा दिली. याच दशकात मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज आणि मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर (१९९७) यांमुळे एचटीएमएल न लिहिता पडद्यावर पान जुळवणे शक्य झाले. १९९९ साली ब्लॉगर ही सेवा सुरू झाली. २००३ साली ती गुगलकडे गेली.

यानंतर आशय व्यवस्थापन प्रणालींचा काळ आला. ड्रुपल २००१ साली, तर मीडियाविकी २००२ साली वापरात आले. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी बी२ या जुन्या आज्ञावलीच्या आधारे तयार केलेले वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाले. मॅम्बो या प्रणालीतून फुटून जूमला २००५ साली निघाले. ही सर्व मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहेत. वर्डप्रेस मूळचे अनुदिनीसाठी, म्हणजे ब्लॉगसाठी होते. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. २००६ साली विक्स आणि शॉपिफाय या सेवा सुरू झाल्या. घटक ओढून पानावर ठेवण्याची पद्धत विक्समुळे लोकप्रिय झाली, तर शॉपिफायने ऑनलाइन दुकानासाठी तयार साचा दिला.

बंद पडलेल्या सेवा

१९९९ साली याहूने विकत घेतलेली जिओसिटीज सेवा २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद करण्यात आली. केवळ जपानमधील सेवा २०१९पर्यंत चालू राहिली. लोकांनी हौसेने लिहिलेली असंख्य पाने त्यामुळे मूळ पत्त्यांवरून नाहीशी झाली. इंटरनेट अर्काइव्ह व काही स्वयंसेवी गटांनी घाईने उतरवून घेतलेला भागच पुढे वाचता आला. व्यवसायांच्या नोंदींना जोडून गुगल जी साधी एकपानी संकेतस्थळे विनामूल्य देत असे, ती मार्च २०२४मध्ये बंद झाली आणि त्यांवर अवलंबून असलेल्या लहान दुकानदारांना अन्य सोय शोधावी लागली.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरलाही कालमर्यादा असते. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीला मिळणारा अधिकृत आधार अनेकदा मुदतवाढ होऊन अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. आठव्या आवृत्तीपासून त्या प्रणालीची अंतर्गत रचना मुळापासून बदललेली असल्याने सातव्या आवृत्तीवरील संकेतस्थळ पुढे नेणे म्हणजे जवळजवळ नव्याने बांधणे ठरते. तथापि अशा वेळी मजकूर मालकाच्या स्वतःच्या विदागारात असतो. सेवा बंद पडणे आणि आवृत्ती कालबाह्य होणे यांत हा महत्त्वाचा भेद आहे.

प्रकार

स्थिर पाने

या प्रकारात प्रत्येक पान ही एचटीएमएलची तयार फाइल असते. ती हाताने लिहिता येते किंवा जेकिल (२००८) व ह्यूगो (२०१३) यांसारख्या जनित्र-आज्ञावलींकडून साध्या मजकुरापासून तयार करून घेता येते. सर्व्हरवर विदागार किंवा सतत चालणारी आज्ञावली लागत नसल्याने अशी संकेतस्थळे वेगवान असतात आणि त्यांत घुसखोरीला फारसा वाव राहत नाही. मजकूर साध्या फाइलींत राहत असल्याने तो दीर्घकाळ टिकतो. मात्र नवे पान चढवण्यासाठी काही तांत्रिक पायऱ्या शिकाव्या लागतात. एकाहून अधिक अतांत्रिक लेखक असतील तर ही पद्धत गैरसोयीची ठरते.

स्वतःच्या होस्टिंगवरील आशय व्यवस्थापन प्रणाली

वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला व मीडियाविकी या प्रकारात येतात. मजकूर विदागारात साठतो आणि वाचकाने पान मागितले की प्रणाली ते जुळवून देते. लेखक ब्राउझरमधूनच लेखन करतो. बाह्य रूप थीमने ठरते आणि जादा सोयी प्लगइनद्वारे मिळतात. वर्डप्रेस शिकण्यास तुलनेने सोपे आहे. सदस्यांचे प्रकार, त्यांचे अधिकार आणि आशयाची गुंतागुंतीची रचना सांभाळायची असल्यास ड्रुपल अधिक समर्थ मानले जाते. मीडियाविकी अनेकांनी मिळून संपादित करावयाच्या ज्ञानसंग्रहासाठी योग्य आहे, कारण त्यात प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो. मराठी विकिपीडियासह विकिपीडियाच्या सर्व आवृत्त्या त्यावर चालतात.

संपूर्ण सेवा

विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय या सेवांत सॉफ्टवेअर व होस्टिंग एकत्र मिळते आणि मासिक किंवा वार्षिक शुल्क भरावे लागते. अद्ययावतीकरण, सुरक्षितता व बॅकअप यांची बरीचशी जबाबदारी सेवा पुरवणारी कंपनी घेते. शुल्क थांबले की सशुल्क सोयी थांबतात. काही सेवांत संकेतस्थळच दिसेनासे होते.

विनामूल्य लेखनसेवा

ब्लॉगर व गुगल साइट्स या सेवांना खाते उघडण्यापलीकडे काही लागत नाही. शाळेचा प्रकल्प, वैयक्तिक लेखन किंवा अल्पकालीन उपक्रम यांसाठी त्या पुरेशा आहेत. रचनेत बदल करण्याची मुभा मर्यादित असते आणि सेवा चालू ठेवण्याचा निर्णय सर्वस्वी कंपनीचा असतो.

| प्रकार | उदाहरणे | लागणारे कौशल्य | देखभाल | स्थलांतर |
|---|---|---|---|---|
| स्थिर पाने | जेकिल, ह्यूगो | मध्यम ते जास्त | अत्यल्प | सर्वांत सोपे |
| स्वतःच्या होस्टिंगवरील प्रणाली | वर्डप्रेस, ड्रुपल | मध्यम | मालकाकडे, नियमित | शक्य, काही श्रमाने |
| संपूर्ण सेवा | विक्स, स्क्वेअरस्पेस | कमी | बहुतांशी कंपनीकडे | अंशतः |
| विनामूल्य लेखनसेवा | ब्लॉगर, गुगल साइट्स | अत्यल्प | कंपनीकडे | सेवेनुसार भिन्न |

वर्डप्रेसची दोन रूपे

वर्डप्रेस हे नाव दोन भिन्न गोष्टींसाठी वापरले जात असल्याने नवशिक्यांचा गोंधळ होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्ग येथून मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य उतरवून घेता येते आणि ते कोणत्याही योग्य होस्टिंगवर बसवता येते. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा आहे. तेथे होस्टिंग कंपनीचे असते आणि कोणत्या सोयी मिळतील हे शुल्काच्या श्रेणीवर अवलंबून असते. दोहोंतील मजकूर एकाच प्रकारच्या फाइलीतून बाहेर काढता येत असल्याने एकातून दुसऱ्यात जाणे शक्य असते.

२०२४ साली ऑटोमॅटिक व डब्ल्यूपी इंजिन या दोन कंपन्यांतील वाद न्यायालयात गेला. त्या काळात डब्ल्यूपी इंजिनचा वर्डप्रेस डॉट ऑर्गवरील प्रवेश रोखण्यात आला आणि तिच्या ग्राहकांची थीम व प्लगइन अद्ययावत करण्याची नेहमीची वाट काही काळ खंडित झाली. सॉफ्टवेअर मुक्त असले तरी त्याच्या वितरणाची केंद्रे कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला.

निवडीचे निकष

उद्देश

संकेतस्थळ कशासाठी हवे, यावर योग्य सॉफ्टवेअर ठरते. वर्षातून दोन-तीनदाच बदलणाऱ्या चार पानांच्या परिचयासाठी विदागारावर चालणारी प्रणाली अनावश्यक असते; तिची देखभाल मात्र नियमितपणे करावी लागते. दर आठवड्याला लेख प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकाला वर्डप्रेससारखी प्रणाली उपयोगी पडते. विक्री करावयाची असेल तर पैसे स्वीकारण्याची सुरक्षित व्यवस्था व मालाची नोंद या सोयी पाहाव्या लागतात. सदस्यांनी चर्चा करावी असा हेतू असेल, तर अवांछित मजकूर रोखण्याची साधने आवश्यक ठरतात. पुढे कधीतरी लागतील अशा सोयींसाठी आरंभीच अवजड प्रणाली घेणे बहुधा टाळले जाते.

मजकुराची मालकी व स्थलांतर

मजकुराचा प्रताधिकार लेखकाकडे असणे आणि तो मजकूर वापरण्याजोग्या स्वरूपात हाती येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्डप्रेस व ब्लॉगर यांतील लेख व प्रतिक्रिया एका फाइलीत उतरवून घेता येतात. स्क्वेअरस्पेसमधून मजकुराचा काही भाग वर्डप्रेसला समजेल अशा स्वरूपात बाहेर काढता येतो. विक्सवर बांधलेले संपूर्ण संकेतस्थळ उचलून अन्य सर्व्हरवर चालवता येत नाही. त्याची मांडणी नव्याने करावी लागते.

मुक्त स्रोत प्रणालीतही अडकून पडण्याचा संभव असतो. पान जुळवण्यासाठी वापरलेले एखादे प्लगइन आपल्या खास खुणा मजकुरातच पेरत असेल, तर ते काढून टाकल्यावर लेखांत निरर्थक चिन्हांची गर्दी उरते. स्थलांतरानंतर पानांचे पत्ते बदलले, तर इतरांनी दिलेले दुवे तुटतात. डोमेन नाव स्वतःचे असल्यास जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवता येतात. ते सेवेचे असल्यास ही सोय सेवेच्या मर्जीवर राहते.

देखभाल व सुरक्षितता

स्वतःच्या होस्टिंगवरील प्रणालीचे अद्ययावतीकरण हे मालकाचे काम असते. वर्डप्रेसवरील घुसखोरीचे मोठे कारण मूळ प्रणालीपेक्षा जुनी किंवा सोडून दिलेली प्लगइन हे असते. त्यामुळे प्लगइन निवडताना ते शेवटचे केव्हा अद्ययावत झाले हे पाहिले जाते आणि न लागणारी प्लगइन नुसती बंद न ठेवता काढून टाकली जातात. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हर बिघडल्यावर तोही जातो; तो अन्यत्र ठेवणे आणि त्यातून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहणे आवश्यक असते.

संस्थेच्या बाबतीत माणसे बदलतात. संकेतस्थळ एका उत्साही कार्यकर्त्याने उभारले आणि सर्व परवलीचे शब्द त्याच्याकडेच राहिले, तर तो दूर झाल्यावर संकेतस्थळ अनाथ होते. म्हणून खाती व्यक्तीऐवजी संस्थेच्या नावे उघडणे आणि परवलीच्या शब्दांची नोंद किमान दोघांकडे असणे हितावह ठरते.

खर्च

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य मिळाले तरी डोमेन नाव, होस्टिंग, काही थीम व प्लगइन यांचा खर्च उरतो. होस्टिंगचे पहिल्या वर्षाचे सवलतीचे दर आणि नूतनीकरणाचे दर यांत मोठा फरक असू शकतो. त्यामुळे तुलना किमान तीन वर्षांच्या एकूण खर्चावर करणे उचित ठरते. संपर्क सुरक्षित ठेवणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेमुळे २०१५च्या अखेरीपासून विनामूल्य मिळू लागले असून बहुतेक होस्टिंगमध्ये ते अंतर्भूत असते.

सुगम्यता

दृष्टिबाधित व्यक्ती पडदावाचक आज्ञावलीच्या साहाय्याने संकेतस्थळे वाचतात. त्यासाठी चित्रांना पर्यायी मजकूर, शीर्षकांची योग्य उतरंड आणि केवळ कळफलकाने वावरण्याची सोय हवी. मजकुराचे चित्र करून चढवल्यास, जसे सूचनाफलकाचे छायाचित्र, तो पडदावाचकाला व शोधयंत्राला सहसा नीट वाचता येत नाही. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून त्यांत सुगम्यतेचा समावेश आहे.

मराठी संकेतस्थळांचे विशेष प्रश्न

यूनिकोडपूर्व मजकूर

यूनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी संकेतस्थळांवर खास टंक वापरले जात. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवलेल्या असत. वाचकाकडे तोच टंक नसेल तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन मालिका दिसे, आणि शोधयंत्रालाही तीच दिसे. अनेक वृत्तपत्रांचे आरंभीचे ऑनलाइन अंक अशा स्वरूपात होते. असा जुना मजकूर संग्रही असल्यास नव्या प्रणालीत घालण्यापूर्वी तो यूनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरांसाठी तपासावा लागतो.

विदागार

वर्डप्रेस ज्या मायएसक्यूएल विदागारावर चालते, त्याच्या जुन्या मांडणीत देवनागरी मजकूर चुकीच्या वर्णसंचाखाली साठला गेल्याची उदाहरणे सर्रास आढळतात. मूळ ठिकाणी तो बरोबर दिसतो. परंतु दुसऱ्या सर्व्हरवर नेल्यावर प्रश्नचिन्हे किंवा विचित्र रोमन चिन्हे उमटतात. म्हणून स्थलांतरापूर्वी एका-दोन लेखांची चाचणी घेतली जाते आणि नवे स्थळ नीट तपासेपर्यंत जुने पुसले जात नाही.

पानांचे पत्ते

देवनागरी अक्षर पत्त्यात सांकेतिक रूपात लिहिले जाते आणि त्या रूपात एका चिन्हाला नऊ रोमन चिन्हे लागतात. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्यासाठी २०० चिन्हांची मर्यादा असल्याने मराठी शीर्षकाची सुमारे २२ चिन्हेच पत्त्यात मावतात व उरलेला भाग तुटतो. काना, मात्रा व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. ब्लॉगरमध्ये देवनागरी शीर्षकातून पत्ता तयार होत नाही. त्याऐवजी सर्वसाधारण नाव व क्रमांक येतो. दोन्ही ठिकाणी प्रसिद्धीपूर्वी रोमन लिपीत छोटा पत्ता स्वतः लिहून देता येतो. देवनागरीतील डॉट भारत ही डोमेन नावे ऑगस्ट २०१४पासून उपलब्ध आहेत.

टंक व मांडणी

बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. ओळींतील अंतर कमी असल्यास मात्रा, रफार व उकार कापले जातात. अक्षरांतील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. मराठीतील ल व श यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली आणि टंकात सोय असली, तर ब्राउझर मराठी वळण दाखवतो. मुंबईतील एक टाइप या संस्थेने केलेला मुक्त परवान्याचा मुक्त हा टंक संकेतस्थळांवर विनामूल्य वापरता येतो.

शोध व वर्णक्रम

एकच शब्द यूनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या मजकुरात ते ‘अ’ व अर्धचंद्र यांच्या जोडणीने लिहिलेले आढळते. ‘दऱ्या’सारख्या शब्दांतील ‘र’चेही दोन प्रकार प्रचलित आहेत. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संकेतस्थळावरील शोध फसतो. वर्णक्रमातही अडचण येते. मराठी कोशपरंपरेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी येतात. केवळ यूनिकोडच्या क्रमाने लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये आणि ‘क्ष’ हा ‘क’मध्ये जातो. शब्दकोश किंवा ग्रंथसूचीच्या संकेतस्थळासाठी ही बाब आधीच तपासावी लागते.

मराठीतील वापर

१९९६ साली सुरू झालेल्या मायबोलीने आणि त्यानंतरच्या मिसळपाव, ऐसी अक्षरे या संकेतस्थळांनी ड्रुपलचा वापर केला. अनेक सदस्यांचे लेखन व त्यावरील प्रतिसाद सांभाळण्याची त्या प्रणालीची क्षमता त्यांस अनुकूल ठरली. व्यक्तिगत मराठी अनुदिन्या मुख्यतः ब्लॉगर व वर्डप्रेस डॉट कॉमवर बहरल्या. महाराष्ट्रातील जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सामायिक व्यवस्थेवर आहेत.

निवडीपूर्वीची तपासणी

निर्णय घेण्यापूर्वी पुढील चाचणी उपयुक्त ठरते. निवडलेल्या प्रणालीत दोन-तीन खरे मराठी लेख चित्रांसह चढवावेत. ते भ्रमणध्वनीवर व संगणकावर वाचून पाहावेत. संकेतस्थळावरील शोधात एखादा जोडाक्षरयुक्त शब्द शोधावा. त्यानंतर सर्व मजकूर बाहेर काढून दुसऱ्या एखाद्या प्रणालीत भरून पाहावा आणि लेख, तारखा, चित्रे व प्रतिक्रिया यांपैकी काय टिकले याची नोंद करावी. शेवटची पायरी बहुधा वगळली जाते. वास्तविक संकेतस्थळ लहान असतानाच ती थोड्या श्रमात पार पडते.

हेही पाहा

- आशय व्यवस्थापन प्रणाली
- मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
- यूनिकोड
- डोमेन नाव
- वर्डप्रेस
- मीडियाविकी